आमीन म्हणायचं राहिलंय

कानांवर चढवलेल्या काळ्या वाट्यांमधून स्वतःचाच आवाज ऐकून ओरिन्शाला आधी हसू आलं. तुझा आवाज म्हणजे थंडी वाजणारा उंट, असं तिचा नवरा तोलेगेन म्हणायचा. बिचारा खोटं बोलत नव्हता म्हणायचं.

"आम्ही आलो तेव्हा इथं काहीच नव्हतं," उंट म्हणाला. "खडक, मीठ आणि वारा. वाळत घातलेली चादर समुद्रात जाऊन पडायची. मग झाडं आली. शहर हिरवं झालं. फार आभार."

आणि लगेच दोंब्राच्या दोन तारा वाजायला लागल्या.

ओरिन्शा वाट बघत राहिली. यंत्र दम खात असेल, पुढचं आता येईल. दोंब्रा वाजून वाजून थांबला आणि पुन्हा "आम्ही आलो तेव्हा" सुरू झालं. तिनं यंत्राच्या माथ्यावर दोन चापट्या मारल्या. तिच्या घरचा टीव्ही असाच ताळ्यावर यायचा. हे यंत्र नवं होतं, त्याला माराची सवय नव्हती.

थंडीत दोन दुपारी ती बोलली होती. स्वतःच्या टेबलाशी बसून, चहाच्या किटल्यांमागून किटल्या रिकाम्या करत, घसा बसेस्तोवर. त्यातलं हे एवढंच उरलं? मग झाडं आली! आली म्हणजे काय, पायांनी चालत आली? तिकीट काढून रेल्वेनं आली? आणि ते "फार आभार"! ते तर तिनं शेजारणीला, गालिनाला म्हटलं होतं, बोलता बोलता पाठीमागं उशी सरकवून दिली म्हणून. उशीचे आभार उचलून यांनी नगरपालिकेच्या पदरात टाकले होते.

तिच्या आवाजाशेजारी भिंतीवर भला मोठा फोटो. एक ट्रक, ट्रकापुढं टोप्या घातलेले साहेब आणि खाली सोनेरी अक्षरं: 'वाळवंटातली पहिली माती. बांधकाम विभागाची शहराला भेट.' त्या ट्रकात सिमेंट होतं. ओरिन्शा गिलावा करणाऱ्या बायकांच्या टोळीत होती, तुझकुदुक शहराच्या निम्म्या भिंतींवर तिचा हात फिरलाय, आणि तो ट्रक तिनं स्वतः रिकामा केला होता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि हा तर टोपी घालून फोटोला उभा.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आपा! आलात? कसं वाटलं दालन?" बोताकोझ हसत पुढं आली. शहराच्या जुन्या रहिवाशांच्या आठवणी रेकॉर्ड करून हे दालन तिनंच उभं केलं होतं. उद्या उद्घाटन, म्हणून बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना आज आधी बोलावलेलं. गळ्यात ओळखपत्र, अंगात झकास कोट, बाई चाळिशीला आलेली. पण ओरिन्शाच्या लेखी ती अजून तिसऱ्या अंगणातली बोता होती, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर असलेल्या साघिदुल्लाची शेंबडी पोर. तिला ओरिन्शानं स्वतःच्या पोरांच्या पंगतीत बसवून वाढवलेलं.

"बोता, माझी जीभ कुठं ठेवलीस?"

"काय म्हणता, आपा?"

"कापलीस ती. कुठल्या डब्यात ठेवलीस, ते विचारतेय."

"आपा, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. ऐकण्यासारखं तर तू काही ठेवलेलं नाहीस."

बोताकोझनं तिचा दंड धरून तिला खिडकीकडं नेलं. खिडकीबाहेर समुद्र होता, राखाडी, नेहमीसारखा फुगून बसलेला. "आपा, शंभर माणसांच्या आठवणी आहेत. प्रत्येकाला थोडाच वेळ येतो. कुठंतरी कात्री लागणारच."

"बरं. मग मातीचं कुठंय? गोण्यांचं? आपल्या अंगणाचं?"

बोताकोझ समुद्राकडं बघायला लागली.

"मी सांगू?" ओरिन्शा म्हणाली. "थंडीत तू दारात उभी राहून काय म्हणालीस? आपा, मनात काही ठेवू नका, सगळं बोला. ज्या जागेची आठवण दालनात लागेल ती जागा नगरपालिका जपणार, तसा ठराव झालाय. म्हणून मी बोलले. गालिना बोलली. गुडघे धरून जिने उतरून माणसं तुझ्या त्या यंत्रापुढं येऊन बसली. आणि आता आमच्या अंगणाच्या भिंतीला जेसीबी येऊन टेकलाय. बाजूच्या टोलेजंग इमारतीला गाड्या लावायला जागा हवीय म्हणे."

"मला वरून सांगितलं, आपा. कुआंदिक मरातोविचनी. ते म्हणाले, मातीच्या गोष्टीला पुरावा नाही. कागद नाही. नुसतं तोंडचं बोलणं."

"अगं, मग आठवणी म्हणजे काय असतात? तोंडच्या नाहीत तर काय पायाच्या असतात? गोणीतून माती आणली तिची पावती कोण देतं?" तिचा आवाज आता दालनभर घुमत होता. "आणि तुझ्या बापाचं? साघिदुल्लाचं मी एवढं सांगितलं, तेही काढलंस?"

बोताकोझनं ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"काढलंस," ओरिन्शा म्हणाली.

"उद्या आमाल आहे, आपा. सणाचा दिवस. राग धरू नका." बोताकोझनं घाईघाईनं एक गुळगुळीत पत्रिका तिच्या हातात ठेवली. "टीव्हीवाले येणारेत. तुमच्या हातून दुवा आहे. तुमचं नाव छापलंय बघा."

छापलं होतं. 'दुवा: ओरिन्शा आपा. एक मिनिट.' जन्मात पहिल्यांदाच तिनं दुवा घड्याळावर मोजलेली पाहिली.

*

तिसरं अंगण म्हणजे तीन इमारतींच्या मधला तो चौकोन. तिथली हकीकत रेकॉर्डरवर सांगायला दोन दुपारी लागल्या, पण मुळात ती फार मोठी नाही.

ती माणसं राहायला आली तेव्हा त्या चौकोनात कुदळ मारली की ठिणगी उडायची. साघिदुल्लानं कुठूनसं एक पॉप्लरचं रोप आणून खडकात खोचलं. ते एका उन्हाळ्यात काडी होऊन गेलं. दुसरं लावलं, तेही गेलं. तेव्हा साघिदुल्ला अंगणातल्या लांब टेबलाशी बसून म्हणाला, झाडाचा दोष नाही. आपणच इथं उपरे, मग त्याला एकट्याला कसं करमेल? त्यालाही त्याची माती पाहिजे. आणि त्यानं कायदा केला. सुट्टीवर जो आपल्या गावी जाईल त्यानं येताना गोणीभर माती आणायची. नाही आणली तर उन्हाळा सरताना कलिंगडांचा ट्रक येतो तेव्हा त्याला टेबलाशी जागा नाही. बिया थुंकायलासुद्धा नाही.

सगळे हसले होते. पण कलिंगड हे कलिंगड असतं.

गालिना पोल्टाव्याहून आली ती काळीभोर माती सुटकेसमध्ये भरून, आणि सुटकेसमधले नवे कोरे बूट आईच्याच घरी ठेवून. तो सगळा हिवाळा ती मैत्रिणीच्या बुटांत फिरली. क्रेनवाला आशोत गोणी घेऊन रेल्वेनं येत होता, तर स्टेशनावर पोलिसांनी गोणी सोडायला लावली. आत नुसती माती बघून ते जास्तच घाबरले. एकानं तर चाखून पाहिली. आशोत म्हणाला, "साहेब, माझ्या आजीच्या परसातली आहे, थोडं मीठ कमी पडेल." तोलेगेननं एम्बा नदीकाठची आणली, जिथं त्याची आई पुरलीय तिथली. आणि साघिदुल्ला! तो पाणी घेऊन ज्या ज्या वस्तीवर जाई तिथून परत येताना रिकामी फेरी कधी घालत नसे. टँकरच्या पायरीवर, सीटखाली, मांडीवर, जिथं मिळेल तिथं त्याची गोणी असे. तुतीचं रोपही त्यानंच आणलं. आणलं ते कोटाच्या आत, पोटाशी धरून.

पाणी मापानं मिळायचं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला, चहाची निथळ झाडाला. साबणाचं पाणी मात्र टाकायचं नाही. एका बाईनं टाकलं, तर अंगणातलं कुणी तिच्याशी आमालपर्यंत बोललं नाही. आमालला बोलले, कारण आमालला बोलावंच लागतं.

झाडं जगली. तुतीला पहिली फळं धरली तेव्हा पोरांची तोंडं जांभळी झाली, आणि त्यात सगळ्यांत जांभळं तोंड होतं बोताचं.

आणि एक गोष्ट रेकॉर्डरवर सांगताना ओरिन्शाचा आवाज फुटला होता. आशोत इथंच मेला. त्याच्या गावापर्यंत नेणं तेव्हा होण्यासारखं नव्हतं. गालिना उठली, तुतीखालची मूठभर माती फडक्यात बांधली आणि म्हणाली, यात त्याच्या आजीचं परसू आहे, हीच घाला. तेव्हापासून अंगणातलं जे कुणी गेलं, काझाख असो, रशियन असो, लेझगी असो, त्याला मूठमाती तुतीखालची. साघिदुल्लाला तीच. तोलेगेन गेला तेव्हा ओरिन्शानं आपल्या रुमालात मूठ बांधून मुलाच्या हाती कबरस्तानात धाडली. नवऱ्याच्या अंगावर त्याच्या आईची माती पडली. त्या रात्री तिला झोप लागली ती एवढ्याच समाधानानं.

आता ती माती जेसीबीनं उचलून कुठंतरी खाडीत टाकणार होते. उद्या ती मेली की मुलगा तिच्यावर काय टाकणार? पार्किंगमधलं डांबर?

*

"जाऊच नकोस," गालिना म्हणाली. ती तिसऱ्या मजल्यावरून चहाला खाली आली होती. चहात दूध किती यावरून दोघींचं पन्नास वर्षांचं भांडण होतं, तेही सोबत आलं. "तू गेलीस की तुझा फोटो. फोटो आला की म्हणतील, बघा, म्हातारी खूश आहे."

"जाईन आणि तिथंच सगळ्यांसमोर बोलेन."

"बोलशील. ते माइक बंद करतील. मग तू नुसतीच तोंड हलवणारी म्हातारी. टीव्हीवर त्याला दोंब्रा लावतील."

ओरिन्शानं तळलेला गोल बाउर्साक मोडला, पण खाल्ला नाही. गालिना बोलत होती ते खरं होतं, म्हणून जास्त राग येत होता. गालिनाचं खरं बोलणं नेहमीच असं चिमटा काढून यायचं.

"पण एक सांग," गालिना म्हणाली. "मी पडले पोल्टाव्याची. तुमच्या सणाचं मला काय कळतं? उद्या आमाल ना? मग लहान माणूस मोठ्याकडं जातो, की मोठं लहानाकडं?"

ओरिन्शाचा पेला हातातच राहिला.

आमालला धाकट्यानं थोरल्याच्या दारी जायचं, दोन्ही हात हातांत घ्यायचे, वयाला बरकत मागायची आणि वर्षभराचं भांडण तिथंच संपवायचं. हे दूध पिणारं पोरही जाणतं. आणि हे कुआंदिक मरातोविच, नगरपालिकेचे उपप्रमुख, वय पुरतं पन्नासही नाही, त्यांनी शहरभरच्या म्हाताऱ्यांना बस पाठवून आपल्या दारी बोलावलं होतं! आणि म्हातारेही पत्रिकेवर नाव बघून निघाले होते. स्वतः ओरिन्शासुद्धा. या शहराला झालंय तरी काय?

"गालिना," ती म्हणाली, "तुझ्या त्या फोनचं बिल भरलंयस ना?"

"का?"

"मग लाव फोन. सगळ्यांना लाव."

*

सकाळी वारा कापत होता. तुतीखाली लांब टेबल मांडलं, समोवार पेटवला, बाउर्साकांचा ढीग घातला. ओरिन्शा डोक्याला पांढरा रुमाल बांधून टेबलाच्या मानाच्या जागी बसली. नगरपालिकेची गाडी आली, ड्रायव्हर आला, आधी त्यानं अदबीनं दोन्ही हात पुढं केले, मग म्हणाला, "आपा, चला. साहेब वाट बघतायत."

"वयाला बरकत येवो, बाळा. साहेबांना सांग, माझे गुडघे गेलेत. त्यांचे शाबूत आहेत. आमाल आहे, त्यांनी यावं."

"पण आपा, तिकडं फीत..."

"फितीला पाय नसतात, ती कुठं जात नाही. बाउर्साक घे चार. चहा घे."

तो गेला. मग माणसं येऊ लागली. आधी अंगणातली, मग शेजारच्या अंगणातली. तोवर उद्घाटनाला निघालेल्या बसमधल्या म्हाताऱ्यांना फोनवर कळलं, तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला बस वळवायला लावली. त्यांतले दोघं ओरिन्शाहून थोरले होते. त्यांच्यापुढं ती स्वतः उठून गेली. कुणी कुणाचे हात धरत होतं, कुणी बारा महिन्यांची अढी सोडत होतं. जेसीबीच्या खोऱ्यात पोरं चढून बसली होती. बऱ्याच वर्षांनी अंगण भरलं होतं.

तिकडं दालनात फीत होती, दोंब्रावाला होता, टीव्हीचा कॅमेरा होता आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. कॅमेऱ्याला रिकाम्या खुर्च्या दाखवून चालत नाही. शेवटी कुआंदिक मरातोविच लवाजमा घेऊन अंगणात उतरले. मागं बोताकोझ, तोंड उतरलेलं.

माणूस मात्र हुशार. एवढं होऊनही हसू असं की जणू ठरलंच होतं. "आपा! म्हटलं, आमालला आपल्या मातेच्या दारी आपणच जावं!" त्यांनी कॅमेऱ्याकडं थोडं वळून दोन्ही हात पुढं केले.

आमालला पुढं आलेले हात परत पाठवता येत नाहीत. ओरिन्शानं ते धरले. मऊ होते, पावासारखे. "वयाला बरकत येवो," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली, कारण ते खोटं म्हणायचं नसतं.

"आता दुवा द्या, आपा. साऱ्या शहराला."

"देते की."

तिनं दोन्ही तळहात छातीपाशी उघडले. तसे अंगणातले सगळे तळहात उघडले. म्हाताऱ्यांचे, बायकांचे, जेसीबीतल्या पोरांचे, कुआंदिक मरातोविचचे, बोताकोझचे. गालिनानंही हात उघडले, ती पन्नास वर्षं उघडतच आली होती. कॅमेरा जवळ आला.

"देवा," ओरिन्शा म्हणाली, "या अंगणाला बरकत दे. आशोतला दे, ज्यानं आजीचं परसू गोणीत घालून पोलिसांना चाखवलं. गालिनाला दे, जिनं बूट सोडून माती आणली. माझ्या तोलेगेनला दे, त्याच्या आईला दे, तीही या मुळांखाली आहे. ज्यांनी तांदळाचं पाणी टाकलं त्यांना दे, आणि साबणाचं टाकलं तिलाही दे, ती नंतर सुधारली. यातल्या कुणाकडं कागद नव्हता, देवा. तू पाहिलंयस. ज्यांनी त्यांची नावं पुसून भिंतीवर सिमेंटचा ट्रक लावला त्यांनाही दे. त्यांना लाज दे."

कुणीतरी खाकरलं. कुआंदिक मरातोविचांचं हसू जागच्या जागी वाळलं होतं, पण हात उघडेच होते. मोठ्याची दुवा चालू असताना हात खाली घेणारा माणूस अजून त्या शहरात जन्माला यायचा होता.

"आणि साघिदुल्लाला दे," ओरिन्शा म्हणाली, आणि थांबली.

सगळे थांबले. वारा तेवढा वाहत होता. ती पुढं बोलेना आणि आमीनही म्हणेना. तळहात मात्र उघडे. कुआंदिक मरातोविचांच्या खिशात फोन वाजायला लागला, वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. दोन्ही हात गुंतलेले. घ्यावा कसा?

"आपा," ते ओठ न हलवता पुटपुटले, "आमीन म्हणा ना."

"पुढचं आठवत नाही," ओरिन्शा खणखणीत आवाजात म्हणाली. "म्हातारी झाले. आणि माझं पुढचं तसंही बोताकडंच आहे, तिनं कापून ठेवलंय. बोता, साघिदुल्लाचं तू सांग. तू सांगेपर्यंत कुणी हात खाली घेऊ नका रे."

सगळ्या माना बोताकोझकडं वळल्या. ती उघड्या तळहातांकडं बघत होती, जणू तिथं काही लिहिलेलं असावं. ओरिन्शाला वाटलं, नाही बोलायची. नोकरी आहे, नव्या घराचे हप्ते असतील. आणि वाटलं, पोरीला फार कोपऱ्यात गाठलं आपण. तरीही तिनं आमीन म्हटलं नाही. दुखऱ्या खांद्यांनी हात तसेच धरून ठेवले.

"माझे वडील," बोताकोझ म्हणाली. "अब्बा संध्याकाळी आले की आधी घरात यायचे नाहीत. इथं यायचे. गोणी झटकायचे, पार शिवणीतली माती निघेपर्यंत. आई ओरडायची, भाकरी निवली. ही तुती त्यांनी कोटात आणली. कोटाला आतून एक काटकी टोचून भोक पडलं होतं, ते त्यांनी कधी शिवू दिलं नाही. त्यांच्या कबरीत हीच माती आहे." मग कॅमेऱ्याकडं न बघता ती भराभर म्हणाली, "आपांनी हे सगळं मला सांगितलं होतं. मी काढलं. मला सांगितलं म्हणून काढलं. पण हात माझाच होता."



"आता तुम्ही," ओरिन्शा कुआंदिक मरातोविचांकडं वळली. "हात उघडे आहेत, देव ऐकतोय. म्हणा, या मातीला हात लावणार नाही. मी लगेच आमीन म्हणते, तुम्ही फोन घ्या."

"आपा, हा विषय समितीपुढं... बघू आपण."

"'बघू'ला आमीन नसतं."

मग त्यांनी ते केलं. फोन तिसऱ्यांदा वाजला, आणि त्यांनी हात खाली घेतले. चेहऱ्यावरून न फिरवता, आमीन न म्हणता, नुसते खाली, आणि खिशात घातले. अंगणभर "आऽ" असा एक आवाज उठला. ओरिन्शाहून थोरल्या असलेल्या दोघांतल्या एकानं डोळेच मिटून घेतले. साहेब फोनवर बोलत बोलत गाडीकडं गेले.

ओरिन्शानंही मग हात खाली घेतले, दुवा उघडीच ठेवून. आमीन म्हटलं नाही. लोक घुटमळत राहिले, या उघड्या तळहातांचं काय करायचं ते कुणाला कळेना. शेवटी ज्यानं त्यानं ते काखेत घातले, नुसतीच थंडी आहे असं दाखवून.

बोताकोझ टेबलापाशी आली. तिनं दोन्ही हात पुढं केले. ओरिन्शानं ते बराच वेळ बघितले. राग गेला नव्हता. पण तुतीखाली उभी असलेली ती पोर होती, आणि आमाल होता. तिनं हात धरले.

"वयाला बरकत येवो," ती म्हणाली. "अक्कल मागाहून येईल. बस, खा काहीतरी."

*

संध्याकाळच्या बातम्यांत हात उघडून उभी असलेली ओरिन्शा दिसली, शेजारी साहेब दिसले, आणि वर दोंब्रा. एक शब्द नाही. गालिना म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" आणि पहिल्यांदाच चहात हवं तेवढं दूध घालून दिलं. पण टेबलावर बाउर्साकांच्या ढिगाला टेकवून ठेवलेला एका पोराचा फोन सगळं टिपत होता. साहेबांचे हात खाली जाताना झोपायच्या आत सगळ्या तुझकुदुकनं बघितले, आणि दूरदूरच्या वस्त्यांवरच्या आयाबायांनीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोताकोझनं कुणाला न विचारता ओरिन्शाचं दोन दुपारचं बोलणं जसंच्या तसं दालनात लावलं. दुपारच्या आत दालनाला 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी आणि कुलूप लागलं. पोरगी पर्स घेऊन अंगणात आली आणि बाकावर बसली. काय करणार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. चोर ते चोर आणि वर शिरजोर, असे लोक एका सणानं सुधारत नसतात.

जेसीबीचा ड्रायव्हरही त्याच दुपारी आला. तिशीतला, उन्हानं रापलेला, टोपी हातात. त्यानं यंत्राभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ मारून पाहिली आणि मग ओरिन्शासमोर येऊन उभा राहिला.

"आपा, पहाटे आईचा फोन आला गावावरून. म्हणाली, त्या अंगणात दुवा उघडी पडलीय, तिच्यावर तू लोखंड टेकवलंस तर घरी येऊ नकोस."

"शहाणी आहे तुझी आई."

"आहे. पण मला कामावरून काढतील. तुम्ही तेवढं आमीन म्हणून टाका ना. एक शब्द. मग माझ्यावर काही नाही, तुमच्यावर काही नाही."

ओरिन्शाला त्याची दया आली. गरीब पोरांना पुढं घालायचं आणि आपण मऊ हातांनी फोन धरायचे, ही यांची जुनी रीत. पण दयेपोटी अंगण द्यायचं म्हणजे झालंच.

"नाही म्हणणार."

"मग उद्या ते दुसऱ्याला आणतील."

"आणू देत. त्यालाही आई असेलच."

त्याला हसू आलं आणि त्यानं ते टोपीत लपवलं. "पण कधीतरी म्हणाल ना? उघडी ठेवून कसं चालेल?"

ओरिन्शा खाली वाकली. गुडघे कुरकुरले. तुतीच्या बुंध्याशी तिनं मूठभर माती उचलली, ओलसर, गार, एक वाळकं पान सोबत आलेलं. यात तोलेगेनची आई होती, पोल्टावा होतं, आशोतचं परसू होतं, साघिदुल्लाची शिवणीतून झटकलेली माती होती. तिनं मूठ त्याच्यापुढं धरली.

"ही माझ्या अंगावर पडेल त्या दिवशी माझा मुलगा आमीन म्हणेल. त्याला सांगून ठेवलंय," ती म्हणाली, आणि माती जिथली तिथं ठेवून हात झटकला. "तोवर बस. बोता, याला चहा ओत. दूध जास्त घाल."